डबा बदलण्याआधी

आमच्या या पानावर एरवी शाळा, अभ्यास, मुलांचे वागणे आणि घरखर्च असे विषय येतात. या महिन्यात विषय थोडा वेगळा आहे: मोटारीच्या गिअरचा. कारण असे की, गेल्या वर्षभरात आमच्या ओळखीतल्या तीन घरांत एकच वाक्य ऐकायला मिळाले. "गाडीचा टीसीएम गेलाय, बदलावा लागेल." वाक्य लहान, पण त्याच्या मागे येणारा आकडा मोठा. रमजानसाठी, मुलीच्या फीसाठी किंवा घराच्या डागडुजीसाठी बाजूला काढलेली रक्कम त्यात सहज जाते. आणि अडचण ही की, समोरचा माणूस खरे बोलतो आहे की अंदाजाने, हे ताडायला घरात कुणालाच काही ठाऊक नसते. मग घरातली मोठी माणसे मान डोलावतात आणि पैसे भरतात.

सातारा, कराड, सांगली, मिरज या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांची गाडी ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. लग्नकार्य, माहेर-सासर, मुलांचे कॉलेज आणि सगळ्यात जास्त म्हणजे मिरजेचे दवाखाने, यासाठी ती लागते. त्यातही गेल्या दहा-बारा वर्षांत विनाक्लच गाड्या आल्या आणि एक चांगला बदल झाला. आपल्या घरांतल्या बायका गाडी चालवू लागल्या. डावा पाय मोकळा, गिअरची खटपट नाही, बाजारातल्या गर्दीत गाडी बंद पडण्याची धास्ती नाही. आमच्या शाळेतल्या दोन शिक्षिका अशाच गाडीवर शिकल्या. म्हणून या डब्याची गोष्ट समजून घेणे घरातल्या सगळ्यांच्याच कामाचे आहे.

हा डबा करतो काय?

टीसीएम म्हणजे ट्रान्समिशन कंट्रोल मॉड्यूल. बोलीभाषेत गिअरचा कॉम्प्युटर. तळहाताएवढा चपटा डबा, आत इलेक्ट्रॉनिक पट्टी, बाहेर अनेक पिनांचा कपलर. गाडीचा वेग किती, इंजिनाचे फेरे किती, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर किती दाबलेला आहे, ब्रेक लावला आहे का, दांडा कुठल्या अक्षरावर आहे, ही सगळी माहिती त्याच्याकडे सतत येत असते. त्यावरून कुठला गिअर कधी टाकायचा हे तो ठरवतो.

आपल्याकडच्या लहान गाड्यांत बहुधा एएमटी पद्धत असते. मारुती सुझुकीने फेब्रुवारी २०१४ मध्ये सेलेरिओ आणली तेव्हा ही पद्धत सामान्य माणसाच्या गाडीत पहिल्यांदा आली. पुढे टाटा, ह्युंदाई, रेनॉ अशा अनेक कंपन्यांनी ती घेतली. यात गिअरबॉक्स नेहमीचाच असतो, क्लच प्लेटही असते. फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम माणसाच्या हातापायांऐवजी अ‍ॅक्च्युएटर नावाचे यंत्र करते आणि त्या यंत्राला हुकूम टीसीएम देतो. मोठ्या गाड्यांतल्या ऑटोमॅटिक पद्धती वेगळ्या असतात, पण हुकूम देणारा डबा तिथेही असतो.

डबा बिघडला की लक्षणे ठरलेली. मीटरवर गिअरचा आकडा दिसत नाही किंवा एन हे अक्षर लुकलुकत राहते. गाडी एका गिअरात अडकते. दांडा डी वर टाकला तरी हलत नाही. कधी चालूच होत नाही. आणि कधी अर्धा तास उभी केली की जणू काही झालेच नव्हते अशी पुन्हा चालू लागते. हे शेवटचे लक्षण सगळ्यात फसवे, कारण माणूस "ठीक झाली" म्हणून तशीच पुढे नेतो.

अडचण एवढीच की, ही सगळी लक्षणे डबा ठणठणीत असतानाही दिसू शकतात. बॅटरी उतरली असेल, अर्थिंगची वायर सैल झाली असेल, कपलरमध्ये पाणी गेले असेल, उंदराने वायर कुरतडली असेल, तरी गाडी नेमकी अशीच वागते.

आपांची गाडी

आमच्या नात्यातल्या एक आपा साताऱ्याला राहतात. अम्मींना घेऊन दर पंधरा दिवसांनी त्या मिरजेला उपचारासाठी येतात. गाडी लहान, एएमटी, सहा वर्षे वापरलेली. कंपनीचे नाव सांगायची गरज नाही, कारण असा प्रकार कुठल्याही कंपनीच्या गाडीत होतो. पावसाळ्यात कराडच्या अलीकडे गाडी उभी राहिली. एन लुकलुकू लागला आणि गिअर पडेना. अम्मी मागच्या सीटवर, बाहेर पाऊस.

गाडी ओढून एका अधिकृत वर्कशॉपमध्ये नेली. दोन दिवसांनी कागद हातात आला. टीसीएम बदलणे, क्लच सेट बदलणे, अ‍ॅक्च्युएटर बदलणे, मजुरी वेगळी. एकूण रक्कम आपांच्या घरच्या तीन महिन्यांच्या खर्चाएवढी. काय तपासले, काय सापडले, याची एक ओळही त्यावर नव्हती. आपांनी विचारले तेव्हा काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, गाडी तुम्हीच चालवता ना? लेडीज ड्रायव्हिंगमध्ये क्लच लवकर जातो."

आपा शांतपणे म्हणाल्या, "बेटा, या गाडीला क्लचचं पायडल आहे कुठं, ते मला दाखव."

त्या मुलाच्या बोलण्यात खरे काहीच नव्हते असे नाही. चढावर ब्रेक न लावता अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली तर एएमटीचा क्लच झिजतो. चालवणारा पुरुष असो की बाई, झिजतोच. पण क्लच किती झिजला याचा अंदाज बऱ्याच गाड्यांत स्कॅनरवर आकड्यात दिसतो. तो आकडा दाखवायचा सोडून चालवणाऱ्याकडे बोट दाखवणे हे निदान नव्हे.

आपांनी तपासणीची फी भरली, गाडी सोडवली आणि सांगलीला आणली. शंभर फुटी रस्त्याच्या बाजूला एका चाचांचे जुने गॅरेज आहे. त्यांच्याकडे वायरिंगचे काम करणारा मुलगा आमचाच जुना विद्यार्थी. चाचांनी बोनेट उघडायच्या आधीच त्याला सांगितले, "पहले करंट देख, फिर डब्बे का नाम ले."

कोड म्हणजे निकाल नव्हे

डॅशबोर्डखाली सोळा पिनांचे एक सॉकेट असते. त्यात स्कॅनर लावला की गाडीचा कॉम्प्युटर कोड सांगतो. पी ०७०० हा कोड म्हणजे गिअरच्या यंत्रणेत काहीतरी बिघाड आहे. यू ०१०१ हा कोड म्हणजे टीसीएमशी संपर्क तुटला आहे. आपांच्या गाडीत दुसरा कोड होता. अनेक ठिकाणी हा कोड दिसला की लगेच "टीसीएम गेला" असे सांगतात.

शाळेतले उदाहरण घेऊ. मधल्या सुट्टीची घंटा झाली नाही, एवढेच वर्गात बसलेल्यांना कळते. शिपाई गैरहजर असेल, ऑफिसातले घड्याळ बंद असेल किंवा घंटेचा टोलच हरवला असेल. "घंटा झाली नाही" ही तक्रार खरी असते, पण तेवढ्यावरून शिपायाला काढून टाकता येत नाही. यू ०१०१ ही तशीच तक्रार आहे. बाकीचे कॉम्प्युटर म्हणतात, टीसीएमचा आवाज येत नाही. का येत नाही, हे शोधायचे काम माणसाचे.

आमच्या विद्यार्थ्याने ते कसे शोधले, ते इथे सविस्तर लिहितो. वाचकांनी आपल्या मेकॅनिकला हेच विचारावे.

आधी बॅटरी. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर साधारण साडेबारा व्होल्ट दिसायला हवेत, इंजिन चालू असताना साडेतेरा ते साडेचौदा. स्टार्टर फिरताना आकडा दहाच्या फार खाली गेला तर बॅटरीच संशयित. कमी व्होल्टेजवर हे डबे काहीही बोलतात, आणि बॅटरी बदलून सुटलेल्या गाड्या चाचांनी कितीतरी पाहिल्या आहेत.

मग फ्यूज आणि रिले. मग डब्याच्या कपलरपर्यंत बारा व्होल्ट पोचतात का ते. मग अर्थिंग. अर्थिंगच्या वायरीवर भार असताना एक-दोन दशांश व्होल्टपेक्षा जास्त घट दिसली तर कुठेतरी गंज किंवा सैल नट आहे. ही घट नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, मीटरवरच दिसते.

शेवटी संदेशाच्या दोन वायरी. गाडीतले सगळे कॉम्प्युटर एकमेकांशी दोन वायरींवरून बोलतात. त्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो. बॅटरीची वायर काढून सोळा पिनांच्या सॉकेटमधल्या ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांवर मीटर धरला तर बहुतेक गाड्यांत ६० ओहमच्या आसपास आकडा यायला हवा. १२० आला तर एक बाजू तुटलेली. शून्याजवळ आला तर वायरी एकमेकींना चिकटलेल्या.

१२० आणि १२० मिळून ६० कसे? रोध समांतर जोडले की एकूण रोध कमी होतो. हे नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'धाराविद्युत' या प्रकरणात आहे. आम्ही ते दर वर्षी फळ्यावर सोडवून दाखवतो आणि दर वर्षी मागच्या बाकावरून प्रश्न येतो, "सर, याचा उपयोग काय?" त्या दिवशी सांगलीच्या गॅरेजात मीटरवर ६० चा आकडा आला आणि आमच्या विद्यार्थ्याने आमच्याकडे बघून नुसते हसून दाखवले.

बॅटरी ठीक, फ्यूज ठीक, करंट पोचतो, अर्थिंग ठीक, वायरी ठीक. तरी डबा गप्प. तेव्हा कपलर काढला. पिनांच्या मुळाशी हिरवट गंज होता आणि डबा हलवला तर आत ओल जाणवत होती. म्हणजे डबा खरोखरच गेला होता. वर्कशॉपने सांगितलेल्या तीन वस्तूंपैकी एक बरोबर निघाली, पण ती बरोबर आहे हे आता पुराव्यानिशी कळले होते. उरलेल्या दोन वस्तूंचा पुरावा कुणाकडेच नव्हता. नवा डबा बसेपर्यंत तो मिळणारही नव्हता, कारण क्लचचा आकडा वाचायचा तो याच डब्यातून.

नवा डबा, जुना डबा

पुढचा प्रश्न, डबा कुठला घ्यायचा. तीन वाटा असतात.

पहिली वाट दुरुस्तीची. पट्टीवरचा सुटलेला टाका, खराब झालेला एखादा भाग कुशल कारागीर बदलू शकतो. चाचांच्या ओळखीत असा माणूस आहे. पण ते आपांना म्हणाले, "घरातल्या घरात फिरणारी गाडी असती तर केलं असतं. तुम्ही आजारी माणूस घेऊन हायवेनं जाता. ओल आत शिरलेल्या पट्टीची जबाबदारी मी घेणार नाही." काम हातातून जात असताना असे बोलणारा माणूस मिळाला की इत्मिनान वाटते.

दुसरी वाट जुन्या डब्याची. भंगारातल्या गाडीचा डबा स्वस्तात मिळतो. पण त्या डब्याच्या स्मृतीत दुसऱ्या गाडीचा चॅसी नंबर आणि दुसऱ्या क्लचची मापे असतात. भाग क्रमांक एकाही अक्षराने वेगळा असेल तर तो बसूनही चालत नाही. जुन्यातली माहिती नव्यात उतरवणारे तंत्रज्ञ असतात, पण ते काम जाणत्याकडूनच व्हावे.

सांगलीकरांनी इथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. अशा पुरात बसलेली गाडी धुऊन, पुसून, सीट बदलून नवी दिसते, पण कपलरमधला गंज वर्षे लोटल्यावर बोलू लागतो. जुनी गाडी घेताना किंवा जुना डबा घेताना तो कुठल्या पाण्यातून आला आहे हे विचारायला संकोच करू नये. सीटखालचा गालिचा उचलून पाहावा, कपलरच्या पिना पाहाव्यात.

तिसरी वाट नव्या डब्याची. आपांनी ती घेतली. इथे मात्र स्वतंत्र गॅरेजचे हात बांधलेले असतात. नवा डबा कोऱ्या पाटीसारखा येतो. त्यात त्या गाडीचे सॉफ्टवेअर आणि चॅसी नंबर भरावा लागतो. मग क्लच नेमका कुठे पकडतो आणि प्रत्येक गिअर कुठल्या जागी आहे, हे त्याला शिकवावे लागते. गॅरेजवाले याला लर्निंग म्हणतात. सॉफ्टवेअर भरताना करंट मध्येच कमी झाला तर नवा डबाही कायमचा निकामी होऊ शकतो, म्हणून बॅटरीला चार्जर जोडून ठेवतात. हे सगळे करण्याचे कंपनीचे साधन चाचांकडे नाही. म्हणून गाडी पुन्हा अधिकृत वर्कशॉपकडे गेली, या वेळी मोजमापांचा कागद सोबत घेऊन. कुठे किती व्होल्ट, किती ओहम, सगळे आमच्या विद्यार्थ्याच्या अक्षरात लिहिलेले.

डबा यायला अकरा दिवस लागले. त्या काळात अम्मींची एक फेरी एसटीने झाली. कराडला बस बदलून, हातात औषधांची पिशवी घेऊन, अम्मी मिरजेला पोचल्या तेव्हा त्यांना धड बसवत नव्हते. गिअरचा डबा ही किती घरगुती गोष्ट आहे, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

डबा बसला, लर्निंग झाले, स्कॅनरवर क्लचचा आकडा पाहिला. तो मर्यादेत होता. अ‍ॅक्च्युएटर व्यवस्थित काम करत होता. क्लच सेट आणि अ‍ॅक्च्युएटर बिलातून गेले. बिल पहिल्या अंदाजाच्या निम्म्याहून कमी झाले. आपांनी जुना डबा मागून घेतला आणि यवतेश्वरच्या चढावर गाडी थांबवून, पुन्हा उचलून, मागे घेऊन पाहिली. मगच सही केली.

ही गोष्ट आपल्यापुरती नाही

गिरणीवाल्याने, शिंप्याने, सोनाराने काय केले ते आपल्याला दिसते. कॉम्प्युटरच्या डब्यात काय झाले ते दिसत नाही. त्यामुळे दोष ग्राहकावर ढकलणे सोपे जाते आणि हे जगभर झाले आहे. फोर्ड कंपनीच्या फिएस्टा आणि फोकस गाड्यांमध्ये पॉवरशिफ्ट नावाची दुहेरी क्लचची पद्धत होती. त्यांच्या टीसीएमच्या तक्रारी इतक्या झाल्या की अमेरिकेत २०१४ मध्ये कंपनीने त्या डब्याची हमी १० वर्षे किंवा दीड लाख मैल, म्हणजे सुमारे २ लाख ४० हजार किलोमीटरपर्यंत वाढवली. ऑस्ट्रेलियात याच पॉवरशिफ्ट गाड्या थरथरतात अशी तक्रार घेऊन येणाऱ्या ग्राहकांना "तुमची चालवण्याची पद्धत" हे कारण सांगितले गेले. तिथल्या ग्राहक आयोगाने कंपनीला न्यायालयात खेचले आणि एप्रिल २०१८ मध्ये १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. आपांना काउंटरवर ऐकावे लागलेले वाक्य आणि ऑस्ट्रेलियातले वाक्य सारखेच आहे.

त्याच घराण्यातली पॉवरशिफ्ट पद्धत भारतात २०१३ च्या इकोस्पोर्टच्या ऑटोमॅटिक गाडीतही होती. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने भारतात गाड्या बनवणे थांबवत असल्याचे जाहीर केले. सेवा आणि सुटे भाग मिळत राहतील असे कंपनीने सांगितले होते. तरी जुनी गाडी घेणाऱ्याने भाव ठरवण्याआधी गिअरच्या डब्याची उपलब्धता विचारून घ्यावी, हा शहाणपणा कुठल्याही कंपनीच्या गाडीला लागू आहे.

चाचांसारख्यांचे हात बांधलेले का, याचाही निवाडा आपल्या देशात झाला आहे. एका ग्राहकाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने चौकशी केली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड सुनावला. अस्सल सुटे भाग, तांत्रिक माहिती आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणे, हा ठपका होता. कंपन्या अपिलात गेल्या आणि दंडाचा वाद लांबला. पण प्रश्न सरकारदरबारी राहिला. २४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्राच्या ग्राहक विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केले, त्यात मोटारींचाही समावेश आहे.

ग्राहक म्हणून आपल्या हातात काय आहे, तेही माहीत असावे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणे हे त्यात सेवेतील उणिवेत मोडते. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातच करता येते. म्हणजे काम परजिल्ह्यातल्या वर्कशॉपने केले असले तरी साताऱ्याच्या माणसाला साताऱ्याच्या जिल्हा आयोगात आणि सांगलीच्या माणसाला सांगलीच्या आयोगात जाता येते. मुदत दोन वर्षांची. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. त्याआधी १९१५ या क्रमांकावर फोन करून पाहावा. बऱ्याच गोष्टी तिथेच मिटतात.

घरातल्यांनी विचारायचे प्रश्न

भांडण करायची गरज नाही. नम्रपणे पण कागदावर उत्तर मागावे. कोणता कोड आला? डब्यापर्यंत करंट आणि अर्थिंग तपासले का, आकडे काय? संदेशाच्या वायरी तपासल्या का? क्लच बदलायला सांगता, तर झीज किती दिसते? नव्या डब्याचा भाग क्रमांक काय आणि त्याला हमी किती? सॉफ्टवेअर भरणे आणि लर्निंग याच मजुरीत आहे ना? जुना भाग परत मिळेल ना?

हे आधी विचारायचे, कारण "इलेक्ट्रिकल पार्ट परत घेतला जाणार नाही" अशी पाटी जवळजवळ प्रत्येक सुट्या भागांच्या दुकानात असते. अंदाजाने आणलेला डबा चुकीचा निघाला तर त्याची किंमत ग्राहकच मोजतो.

घरी बसल्या करता येण्याजोगे काम म्हणजे आरसी बुकावरचा चॅसी नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून आपली गाडी कुठल्या माघारीत, म्हणजे रिकॉलमध्ये आहे का ते पाहणे. असेल तर तो भाग फुकट बदलून मिळतो. वाढीव हमी घेतली असेल तर तिची तारीखही पाहून ठेवावी. आणि इंजिन धुताना कपलरांवर पाण्याचा जोराचा फवारा मारू देऊ नये.

हात कुणाचे, शिक्षण कुणाचे

शेवटी आमच्या मनातला खरा विषय. आपल्या भागातल्या गॅरेजांत आपलीच मुले मोठ्या संख्येने आहेत. दहावी झाली किंवा राहिली की मामूच्या, चाचाच्या गॅरेजात जायचे, हा जुना रस्ता. त्यात कमीपणा काही नाही. हलाल मेहनत आहे. पण हा रस्ता आता पान्यावरून मीटरवर आणि मीटरवरून लॅपटॉपवर गेला आहे.

मिरजेने असे वळण एकदा पाहिले आहे. तिथले सतारवाले मूळचे शिकलगार, तलवारींना धार लावणारे. इंग्रजांच्या काळात शस्त्रांचे काम संपत आले तेव्हा त्यांनी भोपळा, लाकूड आणि तारा हातात घेतल्या, सुरांचे कान तयार केले आणि सतार-तंबोऱ्यात नाव काढले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. हातातली सफाई जुनीच होती. तिला नवे ज्ञान जोडावे लागले, आणि ते त्यांनी जोडले.

गॅरेजातल्या आपल्या मुलांना आज तसेच काही जोडायचे आहे. इंग्रजीत छापलेला वायरिंगचा नकाशा वाचता येणे, ओहमचा नियम समजणे, सापडलेली गोष्ट कागदावर नीट लिहिता येणे. आमचा विद्यार्थी इंग्रजीत दोनदा नापास झाला होता. तिसऱ्या वेळी पास झाला, आयटीआयला मेकॅनिक मोटर व्हेईकलचा दोन वर्षांचा कोर्स केला आणि मग चाचांकडे आला. आपांचे बिल निम्म्यावर आले ते त्याने लिहिलेल्या एका पानामुळे. चाचांच्या हातात पन्नास वर्षांचा अनुभव आहे, पण वर्कशॉपने मानला तो कागद.

म्हणून आईबापांना एवढेच सांगणे. मुलाला गॅरेजात घालायचे असेल तर जरूर घाला, पण दहावी पूर्ण करून घाला. आयटीआयचे प्रवेश निकालानंतर लगेच ऑनलाइन सुरू होतात, त्याची चौकशी शाळेतच करा. आमच्याकडे आलात तर फॉर्म भरायला आम्ही बसूच. आणि ज्या घरातला मुलगा पाना हातात घेणार आहे, त्या घराने नववीचे विज्ञानाचे पुस्तक रद्दीत घालू नये.